वेस, कमान आणि पडदा

‘सुशोभीकरण’ हा आपल्या महापालिकांचा लाडका शब्द. त्याची घडणच बोलकी आहे : शोभा असत नाही, ती ‘करण्यात’ येते. शहराच्या तोंडाशी फायबरचे बुरूज, दुभाजकात रंगीत दिवे आणि कमानीवर कोणाच्या प्रयत्नाने व कोणाच्या निधीतून हे सांगणारी ठळक अक्षरे, एवढे झाले की शहराला ‘चेहरा’ मिळाला असे जाहीर होते. आमचा आक्षेप या समजुतीलाच आहे.

जुन्या दरवाजांची नावे पाहावीत. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तटाला दिल्ली दरवाजा आहे, पैठण दरवाजा आहे. शनिवारवाड्याचा उत्तराभिमुख मुख्य दरवाजाही दिल्ली दरवाजाच. मुंबईच्या कोटाचे दरवाजे १८६० च्या दशकात पाडले गेले; पण ‘चर्चगेट’ हे नाव आजही कोटातल्या सेंट थॉमस चर्चची वाट दाखवते. वेस प्रवाशाशी बोलत असे. ही वाट कोठे जाते हे त्याला सांगत असे. आजची कमान प्रवाशाला केवळ ती बांधणाऱ्याचे नाव वाचायला लावते.

अर्थात, वेशीच्या गौरवात रमण्याचेही कारण नाही. वेस रात्री बंद होई. तिची राखण करणारा वेसकर महार असे आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) शिकवताना हे सारे आपण वर्गात तळमळीने सांगतो. पण फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीपूर्वी अहमदाबादेत विमानतळाच्या रस्त्यालगत झोपडवस्तीपुढे भिंत उभी राहिली, डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकांसाठी मुंबईत वस्त्यांपुढे पडदे लागले, तेव्हा ‘गावकूस’ हा शब्द आपल्यापैकी किती जणांना आठवला? जुने गावकूस माणसाला बाहेर ठेवी. नवे गावकूस त्याला आहे तेथेच ठेवून अदृश्य करते. वेशीचे काम आपण सोडले, पाप तेवढे जतन केले.

यावर ठरलेला प्रश्न येतो : पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरू नये काय? जरूर आवरावे. पण घर आवरणे वेगळे आणि घरातल्याच माणसांना पडद्याआड लोटणे वेगळे. शिवाय पाहुणा म्हणजे कोण, हेही एकदा ठरवावे. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या असंख्य माणसांसाठी शहराचे दार म्हणजे एसटी स्टँड. तेथे उतरणाऱ्या बाईला स्वच्छ मुतारी हवी, सावलीचा पदपथ हवा, वाचता येईल अशी मराठी पाटी हवी आणि घोटभर चहाची टपरी हवी. सुशोभीकरणात सर्वांत आधी उठते ती हीच टपरी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ सालीच झाला असूनही.

सौंदर्याशी आमचे वैर नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद करून झाडांखाली बसायला जागा केली गेली, तेव्हा रस्ता देखणा झाला तो माणूस तेथे थांबू शकला म्हणून. ज्या रस्त्यावर म्हाताऱ्याला बसता येत नाही, त्याला हजार दिव्यांनीही शोभा येणार नाही.

निविदा काढणे आपल्या हाती नाही. पण शब्द आपल्या हाती आहेत, आणि ते तपासणे हा तर आपला व्यवसायच आहे. तेव्हा ‘सुशोभीकरण’ हा शब्द पुढच्या वेळी वाचनात आला की विद्यार्थ्यांसमोर तो उलगडावा आणि विचारावे : या कमानीखालून आत कोण येणार आहे, आणि तिच्यापायी कोण पडद्याआड जाणार आहे?