मावशीच्या खोकल्याला वकील कुठला?

आमची मावशी निपाणीत वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. तोंडाला पदर, तेवढंच संरक्षण. आता जिना चढताना धाप लागते. पहिल्या वकिलाने कागद न बघताच फी सांगितली. दुसऱ्याने विचारलं, "कामावर होता याचा पुरावा?" प्रश्न कडू, पण खरा तोच. मालक मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो, रोजंदारीची बाई. म्हणून हजेरीची चिठ्ठी, सोबतिणींची साक्ष आधी गोळा करा. बिडीवाल्या बायांनी आपलं कार्डही जपा. दवाखान्यात नुसता 'खोकला' नको. काम काय, किती वर्षं, तेही केसपेपरवर येऊ द्या.

आता वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकिलाचा हक्क देतं. स्त्रीला उत्पन्नाची अटही नाही. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. मराठी येणारा वकील हवा, हे अर्जातच लिहा. मावशीच्या चिठ्ठ्या मराठीत, कोर्टाची नोटीस येणार कन्नडमध्ये. दोन्ही वाचणाराच कामाचा. (भाषेचा प्रश्न आमच्याकडे असा छातीपर्यंत येतो.)

मावशीचा अर्ज सोमवारी देतोय.