बुडालेलं जहाज बघायला जाल, पण डोंग्यातल्या बायांचं काय?

मंडळी, सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात 'आयएनएस गुलदार' हे नौदलाचं जुनं जहाज तळाशी ठेवण्याची योजना तुम्ही वाचली असेलच. त्याच्या अंगावर प्रवाळ वाढेल, मासे राहतील आणि पर्यटक स्कूबा डायव्हिंग करून ते बघतील. खर्च सुमारे ४७ कोटी. माझा विरोध नाही. उलट मार्कंड्याच्या घाटावर बसून मोबाईलवर ते जहाज बघताना मलाही वाटलं, एकदा उतरून पाहावं बाप्पा!

पण एक तारीख डोक्यातून जात नाही. गुलदार निवृत्त झालं १२ जानेवारी २०२४ ला. बरोबर अकरा दिवसांनी, २३ जानेवारीला, आपल्याच चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. डोंगा उलटला. सहा जणी गेल्या. रोजीसाठी निघालेल्या बाया, अंगावर जॅकेट कुठलं?

कोकणालाही हे दुःख नवं नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. म्हणजे समुद्राच्या तळाशी सगळंच काही मुद्दाम नेऊन ठेवलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. वीस मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा तिप्पट होतो. घाईत वर आलं तर रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, माणूस जायबंदी होतो, कधी जीवही जातो. म्हणून पर्यटकाला आधी शिकवतात, सोबत जाणकार देतात. हे शिकवणारी एमटीडीसीची संस्था तारकर्लीला आहे. आपल्या नदीत कुणी बुडालं की पहिली उडी मारतो तो ढिवर भाऊ. श्वास रोखून, गढूळ पाण्यात, हातानं रेती चाचपत. त्याला ना सिलिंडर, ना विमा.

काहून नाही वैनगंगाकाठची दहा-वीस ढिवर पोरं सरकारी खर्चानं तारकर्लीला पाठवत? पोहणं त्यांना शिकवावं लागणार नाही. आणि प्रत्येक डोंग्यात माणसं तेवढी जॅकेटं. सत्तेचाळीस कोटींपुढे हा खर्च तो केवढा!

महाशिवरात्रीला मार्कंड्याला पुढारी येतील, दर्शन घेतील, फोटो काढतील. तेव्हा हेच दोन प्रश्न विचारायचे. मी लेखी अर्ज तयार करतोय. सही करणाऱ्यांनी खाली गावाचं नाव टाका. नदीपलीकडच्या चंद्रपूरवाल्यांनीसुद्धा.