आरसा आणि प्रत

गेल्या पावसाळ्यात माझ्या टॅब्लेटने जागा संपल्याची तक्रार सुरू केली. पस्तीस वर्षे बँकेत काढलेला मी माणूस. खाते पाहिल्याशिवाय खर्चाला कात्री लावायची नाही, ही जुनी सवय. कोणती फाइल किती जागा अडवते ते पाहिले. सर्वांत जास्त जागा ध्वनिमुद्रणांनी घेतली होती. माझ्या कादंबरीचे प्रकरण लिहून झाले की पत्नी ते मोठ्याने वाची आणि मी ते मुद्रित करून ठेवी. तिला जाऊन आता चार वर्षे झाली. ‘सगळं वर सेव्ह होतं, बाबा,’ असे मुलाने टॅब्लेट देतानाच सांगितले होते. वर आहे, तर खाली कशाला? मी ‘डिलीट’ दाबले आणि निर्धास्त झोपलो.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. ‘‘बाबा, आईच्या आवाजाचं फोल्डर माझ्याकडेही दिसत नाही. तुम्ही काही केलंत का?’’

नशीब असे की, पुसलेल्या फायली ३० दिवस वेगळ्या ठेवलेल्या असतात. बाविसाव्या दिवशी आम्ही त्या परत मिळवल्या. सातव्या प्रकरणात ती मध्येच थांबून म्हणते, ‘अहो, हे वाक्य काही तुमचं वाटत नाही.’ आणखी आठ दिवस गेले असते, तर हे वाक्य जगातून गेले असते.

चूक माझीच. पण तिचे मूळ आपल्या एका समजुतीत आहे. क्लाउड म्हणजे तिजोरी, असे आपण धरून चालतो. ‘सिंक’ केलेले फोल्डर हा प्रत्यक्षात आरसा असतो. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. १९९० च्या दशकात आमच्याकडे शाखांत संगणक आले, तेव्हा दिवसाचे काम संपले की हिशेबाचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची शिस्त होती. दुसऱ्या दिवशी शाखेत काहीही बिघडले तरी कालचा हिशेब शाबूत राही. त्याला प्रत म्हणतात.

टॅब्लेटवरची जागा मोकळी करायचा मार्ग वेगळाच आहे. आयपॅडवर आयक्लाउडमधली फाइल दाबून धरली की ‘रिमूव्ह डाउनलोड’ असा पर्याय येतो. त्याने फक्त खालची प्रत जाते. ‘डिलीट’ने फाइल सगळीकडून जाते. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल ‘ऑफलाइन’ ठेवण्याची सोय बंद केली की खालची जागा सुटते. कचऱ्यात टाकलेली फाइल मात्र ३० दिवसांनी कायमची जाते.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. जागा कमी पडली की आयपॅड बरेच दिवस न उघडलेल्या फायलींच्या प्रती आपण होऊन काढतो. नाव राहते, शेजारी ढगाचे चिन्ह येते. रेंज नसलेल्या गावी ते नाव म्हणजे पासबुकातला आकडा. हातात रोकड नाही. २०२४ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १८ पासून ‘कीप डाउनलोडेड’ ही सोय आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी हव्या त्या फायलींना ती लावून ठेवावी.

बँकेत पैसे काढण्याचा कागद वेगळा आणि खाते बंद करण्याचा अर्ज वेगळा असतो. टॅब्लेटवर ही दोन्ही कामे एकाच बोटाने, एकाच यादीतून होतात. म्हणून इशारा ग्राहकाच्या भाषेत आणि घाईतले बोट थांबवील इतका ठळक हवा. पण सगळा भार कंपन्यांवर टाकून चालणार नाही. आज घरोघरी मुले आईवडिलांच्या हाती टॅब्लेट देतात आणि ‘सगळं वर सेव्ह होतं’ म्हणून मोकळी होतात. ते वाक्य अर्धे आहे. ‘आणि इथून पुसलं की वरूनही जातं’ हा उरलेला अर्धा भाग त्यांनी सांगायलाच हवा, आणि आपण तो विचारून घ्यायला हवा.

ती ध्वनिमुद्रणे आता एका पेनड्राइव्हवरही आहेत. तो मुलाच्या घरी, त्याच्या कपाटात असतो. दर दिवाळीला आम्ही तो लावून फायली उघडतात की नाही, ते पाहणार आहोत. तपासणी झाल्याशिवाय हिशेब जुळला, असे म्हणायचे नसते.