आडनावाची गुणवत्ता

काळ्या कामगारावरील अन्याय हा अमेरिकेचा प्रश्न, असे आपण सहज म्हणून जातो. तेथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी बॉस्टन व शिकागोतील मालकांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांच्या दीडपट बोलावणी आली.

आता दिल्लीकडे पाहू. येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजशी निगडित सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी दैनिकांतील जाहिरातींवरून खाजगी कंपन्यांकडे ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, नावे तेवढी वेगळी. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला अनुकूल उत्तराची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांशच. मुलाखत झाली नव्हती, चेहरा कोणी पाहिला नव्हता. मग मालकांनी ‘गुणवत्ता’ पारखली कशावरून? आडनावावरून!

१९९१च्या आर्थिक धोरणानंतर सार्वजनिक क्षेत्रातील कायम नोकऱ्या आक्रसत गेल्या. खाजगी क्षेत्राला राखीव जागांचे बंधन नाही. म्हणजे पक्षपाताचे कुरणच विस्तारले.

आर्थिक लढा जिंकला की जात आपोआप विरेल, असे मानणाऱ्या साथींनी एवढाच विचार करावा : ज्याला दारातच अडविले, तो आत येऊन वेतनवाढीच्या संपात सामील होणार कसा? खाजगी नोकरभरतीत राखीव जागा, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात अग्रभागी हवी. ती उपकाराची नव्हे, वर्गीय एकजुटीची मागणी आहे.