तळ्यातला परका मासा

वाशीम जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील खाड्यांत राहणारा तिलापिया गोड्या पाण्यात कसा रुजला, हा प्रश्न अडाण, एकबुर्जीसारख्या जलाशयांच्या काठी जगणाऱ्यांचाही आहे. 1952 साली हा मासा भारतात आणला, तो स्वस्त प्रथिनांसाठी. हेतू निंद्य नव्हता. पण काही महिन्यांतच वयात येणारी, अंडी-पिले तोंडात सांभाळणारी आणि वर्षातून अनेकदा विणारी ही जात तळ्यात दाटी करते आणि खुरटते. कटला-रोहू (तेही मूळचे गंगेकडचेच!) साचलेल्या पाण्यात वीत नाहीत; त्यांचे बीज दरसाल विकत आणावे लागते. म्हणजे ठेका आणि बीज यांचा खर्च भोयांच्या सहकारी संस्थेने सोसायचा, आणि तळ्यातले अन्न फुकट वाढणाऱ्या पाहुण्याने खायचे. 1959 मध्ये प्रसारावर बंदी आली, तोवर मासा पसरला होता. उजनीत आज कित्येकांची चूल त्याच्यावरच पेटते, हेही नाकारता येत नाही. पुढे 2009 नंतर केंद्राने नाईल तिलापियाच्या संवर्धनास अटींवर परवानगी दिली: बीज केवळ नर वा वंध्य असावे, मासा नदीनाल्यात निसटू नये. या अटींची तपासणी कचेरीत बसून होणार नाही. ती तळ्यावर व्हावी, आणि तीत मच्छीमार संस्थेचा माणूस हक्काने असावा.