काकांचे दुखणे आणि घरचे जवस

आमच्या वस्तीतले एक काका, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठत, पण "वय झालं" म्हणून दोन वर्षे घरात कुणाला सांगितले नाही. शेवटी तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. भेटायला गेलो, जयभीम झाला, तशी काकूंनी विचारले, "भाऊ, आता यायले तेल द्याव का बंद कराव?"

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. तरी प्रश्न रास्त होता, म्हणून माहिती काढली.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यातून जाते. जपानमध्ये हा कॅन्सर कमी असे. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत तो वाढला. रक्त तेच, ताट बदलले! तेव्हापासून खाण्यातल्या चरबीवर संशय आहे.

मात्र सगळी चरबी सारखी नाही. २००८ साली अमेरिकेतील १६१ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑपरेशनपूर्वी महिनाभर काहींना रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली, काहींना कमी चरबीचे जेवण, काहींना दोन्ही, तर काहींना नेहमीचेच. जवस खाणाऱ्यांच्या गाठीत पेशी वाढण्याचा वेग कमी आढळला. नुसती चरबी कमी करून तो फरक पडला नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील १०० रुग्णांच्या प्रयोगात सूर्यफूल तेलात असते ती ओमेगा-६ चरबी कमी करून मासे व माशाच्या तेलातली ओमेगा-३ वाढवली. वर्षभरात पेशीवाढीचे माप त्यांच्यात १५ टक्क्यांनी घटले, इतरांत २४ टक्क्यांनी वाढले.

जवसात हीच ओमेगा-३ जातीची चरबी भरपूर असते. आणि जवस तर आपलेच! धानाच्या बांधीत लाखोळीसोबत उतेरा म्हणून फेकलेले. आई घाणीवरून त्याचे तेल आणायची. आम्हीच मोठे झाल्यावर "गरिबाचं तेल" म्हणून ते सोडले. पण त्यात तळण करू नये, ते तापवले की खराब होते. भाजून कुटलेली चटणी बरी.

जवसाने कॅन्सर बरा होतो असे मात्र कुठेही सिद्ध झालेले नाही. म्हणून काकूंना सांगितले, तळण कमी करा, चटणी द्या, डॉक्टरांच्याही कानावर घाला. गोळी-इंजेक्शन एकही चुकवू नका.

बापाला हा आजार असला की मुलांचा धोका दुप्पट होतो. थोरल्याला पीएसए रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचार म्हटले. तो हसला. अजून गेलेला नाही.