‘मुक्त’ लेखक कोणापासून मुक्त?

असंघटित कामगारांच्या प्रश्नावरील एका चर्चेत अलीकडे एका ज्येष्ठ कॉम्रेडांनी असा मुद्दा मांडला की, घरी बसून परदेशी संकेतस्थळांसाठी व्हिडिओ गेमवर लेख लिहिणारी मुले ही काही कामगार नव्हेत. ती खेळतात, खेळाविषयी लिहितात आणि डॉलर घेतात. हा मध्यमवर्गीय छंद आहे, आणि छंदिष्टांची युनियन बांधण्याइतका वेळ चळवळीपाशी नाही. सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. परंतु ते हसणे चुकीचे होते, आणि माझ्या बाबतीत तर ते अप्रामाणिकही होते, कारण पक्षाच्या अनुवादविभागात येण्यापूर्वी दोन वर्षे मी याच कामावर पोट भरले आहे.

हे काम मी चेन्नईजवळच्या ओरगडम येथे केले. श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यातील या गावाभोवती रेनॉ-निस्सान, डेमलर, रॉयल एनफिल्ड यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य लहानमोठ्या कंपन्या आहेत. माझा थोरला भाऊ चाकणहून तेथे गेला होता, एका पुरवठादाराकडे कंत्राटी म्हणून. कलाशाखेची पदवी घेऊन बेकार बसलेला मी त्याच्या खोलीवर राहिलो. तो पाळीला जाई, मी पाळीविना राबे.

ऑक्टोबर २०१८ ची गोष्ट. शेजारच्या वल्लम वडगाल येथे यामाहाचे कामगार सप्टेंबरपासून संपावर होते. युनियन बांधण्यात पुढाकार घेणाऱ्या दोघांना कामावरून कमी केल्यावर हा लढा पेटला होता. त्याच महिन्यात, २६ तारखेला, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा अमेरिकी खेळ बाजारात आला. आधी काही दिवस त्या कंपनीचे एक प्रमुख डॅन हाउझर यांनी एका नियतकालिकाला आठवड्याला शंभर तास काम केल्याचे सांगितले होते. गदारोळ झाल्यावर, हे केवळ चार वरिष्ठ लेखकांपुरते आणि तीन आठवड्यांपुरते होते, असा खुलासा झाला. शंभर तासांची ही बातमी जगभर गाजली. पण त्या खेळाच्या विक्रीवर जगणाऱ्या संकेतस्थळांसाठी रात्री जागवणाऱ्यांचे तास कोणी मोजले?

मला काम मिळाले ते असे: या खेळात पांढरा अरबी घोडा कोठे सापडतो व तो कसा पकडावा, यावर सातशे शब्द. माझ्यापाशी खेळण्याचे यंत्रच नव्हते. म्हणून परदेशातील खेळाडूंच्या चित्रफिती पहाटेपर्यंत पाहून मी त्या घोड्याचा माग काढला. पाहणे आणि लिहिणे मिळून चौदा तास गेले. मोबदला दहा डॉलर, त्या वेळचे सुमारे सव्वासातशे रुपये. पैसे पाठवणाऱ्या मध्यस्थाची कपात सोडली तरी तासाला बावन्न रुपयेही पडले नाहीत. लेख ‘वाचकसंख्येस योग्य नाही’ असा शेरा आला असता तर तेही गेले असते, आणि असे शेरे मला पुष्कळ वेळा आले.

नगावारी मजुरी ही कालमजुरीचेच बदललेले रूप आहे, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले आहे. येथे त्या रूपाची परमावधी झाली. समीक्षेसाठी चाळीस तास खेळावे लागते, आणि हजार शब्दांचे पैसे मिळतात. खेळण्याचे तास हा म्हणे ‘आनंद’! आमच्या ज्येष्ठ कॉम्रेडांचा ‘छंद’ आणि मालकाचा ‘आनंद’ हे एकाच हिशेबाच्या वहीतले शब्द आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. लेखन म्हणजे श्रम नव्हेत, असे मानणाऱ्यांनी मिल्टनचे उदाहरणही आठवावे. रेशमाचा किडा रेशीम काढतो तसे मिल्टनने काव्य रचले, म्हणून तो भांडवलाच्या दृष्टीने उत्पादक श्रमिक नव्हे. परंतु प्रकाशकाच्या हुकमाने पुस्तके पाडणारा लाइपझिगचा लेखक मात्र उत्पादक श्रमिक होय, हा भेद मार्क्सनेच केला. पांढऱ्या घोड्याचा लेख हे काव्य नव्हते.

अनुवादक या नात्याने येथे एका शब्दाचा निकाल लावणे मला भाग आहे. इंग्रजी ‘फ्रीलान्स’चा आपण ‘मुक्त’ असा अनुवाद करून मोठी चूक केली. स्कॉटच्या १८१९ मधील ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत हा शब्द भाडोत्री भालाइतांसाठी आला आहे. आपल्याकडे बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. संगणक माझा, वीज माझी, इंटरनेटचे बिल माझे. असा मी शिलेदार होतो खरा, पण मोहीम दुसऱ्याची आणि लूटही दुसऱ्याची. शिलेदारीची ऐट मात्र माझ्यात भरपूर होती. मी दादाच्या हजेरीपत्रकाला हसत असे. एके रात्री तो यामाहाच्या संपकऱ्यांना भेटून आला आणि त्याने सहज विचारले, “तुझा मालक कुठं बसतो रे?” मला उत्तर देता आले नाही. मला ठाऊक होते ते फक्त संपादकाचे पहिले नाव.

हा प्रश्न आज कायद्याचाही झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दोन व्याख्या आहेत. ‘गिग कामगार’ म्हणजे परंपरागत मालक-नोकर संबंधाबाहेर कमावणारा. ‘गृहाधारित कामगार’ म्हणजे आपल्या घरी वा पसंतीच्या जागी, मालकासाठी, मोबदला घेऊन वस्तू वा सेवा निर्माण करणारा. साधने मालकाने दिली असोत वा नसोत. पहिल्या व्याख्येत मालक अदृश्य होतो, दुसरीत त्याला उभे राहावेच लागते. सरकार आणि वृत्तपत्रे या मुलांना ‘गिग’ म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू लागलो आहोत! शत्रूची परिभाषा इतक्या सहजतेने स्वीकारण्याचे कारण काय?

मालक सातासमुद्रापार आहे, त्याला कायदा लागू कसा करणार, असा आक्षेप येईल. अडचण खरी आहे. पण विडी कारखानदारही ठेकेदाराच्या आड दडत असत. घरी तेंदूपान नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानण्यास ते तयार नव्हते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तिला कामगार ठरवले, मुख्य मालकावर जबाबदारी टाकली, बाद केलेल्या विड्यांचा तंटाही कायद्याच्या कक्षेत आणला. १९७४ मध्ये मंगळूर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. आता तोही नव्या संहितांत विलीन झाला आहे, ते वेगळे दुखणे. घरोघर विखुरलेल्या सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया संघटित होऊ शकतात, एवढेच नव्हे तर गोदूताई परुळेकरांच्या नावाने कुंभारीत २००६ पर्यंत दहा हजार घरे उभी करू शकतात, आणि बाद लेखांचे पैसे मागणारा तरुण तेवढा संघटनाबाह्य, हे कोणते तर्कशास्त्र?

वेळही फार नाही. ‘गेमर्स’ नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०२३ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आठवड्याला २०० ते २५० लेख काढील असा एक संपादक हवा, अशी जाहिरात दिली होती. मे २०२५ मध्ये ‘पॉलिगॉन’ हे नावाजलेले संकेतस्थळ विकले गेले आणि त्याचे बहुसंख्य लेखक बेकार झाले. २०२३ अखेर अमेरिकेत काही पत्रकारांनी ‘आफ्टरमॅथ’ हे स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळ काढले. त्यांचे कौतुकच आहे. परंतु ज्यांच्या नावाला आधीच वाचक आहेत त्यांनाच हा मार्ग खुला असतो. निनावी मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला नाही.

दादा आता पुन्हा चाकणला आहे, अजून कंत्राटीच. मागील महिन्यात आमच्या भागातील एका मुलीला मी सभासदत्वाचा अर्ज भरून दिला. ती एका परदेशी संकेतस्थळासाठी मोबाइलवरील खेळांविषयी लिहिते. ‘व्यवसाय’ या रकान्यात आम्ही ‘गृहाधारित कामगार, लेखन’ असे लिहिले. ‘मालकाचे नाव व पत्ता’ या रकान्यासाठी तिने पैसे जमा झाल्याच्या पावत्या काढल्या आणि त्यांवर छापलेले कंपनीचे नाव व परदेशातील पत्ता अक्षर न् अक्षर उतरवला. अर्ज समितीपुढे आहे.